गोंगाट माझाच आहे

कांतानं मूल गावच्या बाजारातून एका मासिकाचा अंक आणला, तेव्हा मी अंगणात तांदूळ पाखडत होते. कांता माझी सून, आठवी शिकलेली. आमच्या गाण्याच्या पार्टीत मागची ओळ तीच धरते. मी दुसरीपर्यंत गेले. अक्षर लावता येतं, पण मजकूर लांब असला की मधेच दम लागतो. म्हणून म्हटलं, "तू वाच. मोठ्यानं वाच, हरिदासलेई आयकू येऊ दे."

हरिदास माझा मोठा. बल्लारपूरला कागदाच्या मिलमध्ये कामाला, रविवारी घरी येतो. तिथल्या रेल्वे कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या गार्डाकडून गिटार शिकला. आमच्या 'झाडी ललकार पार्टी'ची सगळी गाणी त्यानंच बसवलेली. नव्या कॅसेटचं नाव 'मैदान', तेही त्याचंच. सत्त्याऐंशीच्या दिवाळीत निघाली. ओसरीवर बसून तो गिटारीच्या तारा पुसत होता. कांतानं पान उघडलं तसा त्याचा हात थांबला.

वर मथळा होता, 'मैदान मोठं, गाणं लहान'. खाली नाव, प्रा. श्रीहरी रामटेके, चंद्रपूर. आपल्याच समाजातला माणूस, कॉलेजात मराठी शिकवतो. पहिली कॅसेट निघाली तेव्हा हाच घरी येऊन माझ्या पाया पडून गेला होता.

कांता वाचू लागली. "ही गाणी नेमकी कुणासाठी, हा प्रश्न पडतो. घरात बसून ऐकणाऱ्यासाठी नक्कीच नाहीत. चार भोंगे आणि पाच हजार माणसं समोर आहेत असं धरूनच प्रत्येक गाणं उभं राहतं. ढोलकी गेली, विलायती ड्रम आला. पेटी गेली, गिटार आली. वर इतका घुमारा चढवला आहे की शब्द विहिरीतून आल्यासारखे वाटतात. ओळींच्या मधे रिकाम्या जागा आहेत, जणू गायिका पुढची ओळ विसरली."

"विसरली?" मी म्हटलं.

"असंच लेहलं जी, आत्याबाई."

"वाच पुढं."

कांताचा आवाज खाली आला. "सर्वांत दुःखाची गोष्ट ही, की गिरजाबाईंचा तो साधा, निरागस, मातीतला आवाज त्यांच्याच मुलानं शहरी गोंगाटाखाली पुरून टाकला आहे."

पुढे अजून दोन ओळी होत्या. त्या तिनं वाचल्या नाहीत. हरिदासनं गिटार भिंतीला टेकवली. तो उठून विहिरीवर गेला आणि हातपाय धूत राहिला. किती वेळ धुतले कोण जाणे. आल्यावर एवढंच म्हणाला, "त्यानं खरं लेहलं, माय. मी तुले दाबलं."

"त्याचं तोंड दाबाले पायजे."

"तू नको बोलू. लोक माया तोंडावर बोलत नाईत, त्यानं लेहून देल्लं."

त्या दिवशी मी गप्प बसले. माझी चूक झाली. पोराच्या मनात एखादी गोष्ट बसायच्या आधी बोलायला हवं होतं. पुढच्या रविवारी तो आला तो सगळं ठरवूनच. फेब्रुवारीत मूलच्या मैदानावर समाजाचा मेळावा होता. मंडळाचे अध्यक्ष मंगरूभाऊ यांना त्यानं वाटेतच सांगून टाकलं होतं, नवी गाणी नाहीत, ड्रम नाही, गिटार नाही. पेटी, ढोलकी आणि माय. मंगरूभाऊ खूश झाले म्हणे. त्यांनीही तो अंक वाचला होता.

लहानू आमचा ड्रम वाजवणारा. आधी लग्नाच्या बँडबाज्यात होता. तो म्हणाला, "मले विलायती म्हनलं त्या मास्तरनं. माया बाप गोंडपिपरीच्या पलीकडं गेला नाई कधी." मग हरिदासकडं बघून हळू विचारलं, "मंग मी काय करू गा त्या दिवशी?"

"आयकाले ये," हरिदास म्हणाला.

आता खरं काय ते सांगते, म्हणजे मला इतका राग का आला ते कळेल.

आमची शेतं रानाला लागून. गावातल्या बाकीच्यांची मधात, पाण्याजवळ, आमची काठावर. रानडुक्कर आधी आमच्याकडे यायचं. धान दाण्यावर आलं की मचाणावर बसून जागल करावी लागे. माझे मालक वारले तेव्हा हरिदास सहा वर्षांचा होता, म्हणून मीच बसायची. हातात तेलाचा रिकामा डबा आणि एक दांडकं. नुसता डबा वाजवून माणूस झोपतो, म्हणून मी गाणं म्हणायची. नाल्याच्या पलीकडे रानातल्या गावची सोमारी तिच्या मचाणावर असायची, जातीची गोंडीण. मी ओरडायची, "जागी हायस का वं सोमारी, रान आलं बांधावरी." मग थांबायचं. माझा आवाज नाल्यावरून जाऊन तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तिचा यायलाही. ती गोंडीत उत्तर द्यायची. मला अर्धं कळायचं, पण ती जागी आहे एवढं पुरे. मग डबा, मग पुढची ओळ. पाच-सात मचाणं एकामागं एक अशी बोलायची. कुणाची ओळ आली नाही तर दोन माणसं टेंभा घेऊन तिकडं निघत. त्या रिकाम्या जागेत सोमारी बसलेली आहे. तिला मास्तर म्हणतो मी ओळ विसरले.

हे असं गाणं मी वीस वर्षं म्हटलं. त्र्याऐंशीत नागपूरला पहिली कॅसेट झाली तेव्हा तिथल्या रेकॉर्डिंगवाल्यानं मला काचेच्या खोलीत उभं केलं आणि सांगितलं, बाई, हळू गा, माईक आहे, ओरडायचं नाही. मी हळू गायले, निजलेल्या लेकराजवळ गावं तसं. ती कॅसेट घराघरात गेली. मास्तरला तो मातीतला आवाज वाटला. मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की त्या मातीत मी कधी उभी नव्हते.

चार वर्षांनी दुसरी करायची ठरली तेव्हा मीच हरिदासला म्हटलं होतं, यावेळी नाल्याच्या पलीकडं ऐकू गेलं पाहिजे. लहानूला म्हटलं, असं वाजव की डुक्कर पळालं पाहिजे. जागा सोडायला मी सांगितलं. घुमारा मी मागितला, कारण रानातून आवाज तसाच परत येतो. पोरानं एकेक गोष्ट ऐकली. आणि छापून आलं काय, तर मुलानं आईला पुरलं.

मंगळवारी मी कांताला घेऊन चंद्रपूरच्या एस.टी.त बसले. हरिदासला कळवलं नाही.

रामटेके मास्तरांचं घर गावाबाहेरच्या नव्या वस्तीत होतं. मागं मोकळं माळरान, मधे एक चिंच. मला दारात बघून मास्तर गडबडले. बसा म्हणाले, बायकोला चहा टाकायला सांगितला. भिंतभर पुस्तकं. टेबलावर टेप आणि आमच्या दोन्ही कॅसेटी. पहिलीचं खोकं हाताळून हाताळून पांढरं पडलं होतं, दुसरीचं कोरं.

"बाई, तुम्हाला राग आला असेल तर माफ करा," ते म्हणाले, "पण मी तुमची स्तुतीच केली आहे."

"मायी स्तुती अन् माया पोराले शिवी, एकाच ओळीत. मले अशी स्तुती नको, मास्तर. अन् निरागस कोनाले म्हनलं तुमी?"

"म्हणजे साधा, निर्मळ…"

"पंचावन वर्साची बाई मी. रानाच्या काठावर एकटीनं चार लेकरं वाढोली. निरागस राह्यली असती तं डुकरानं खाल्ली असती."

कांता पदराआड हसली. मास्तरही हसले, पण लगेच गंभीर झाले. चांगला माणूस आहे, हे मी तेव्हाही मनात म्हटलं.

"आणखी एक," मी म्हटलं. "पुरून टाकला असं लेहलं तुमी. मी दोन लेकरं पुरली हायत, मास्तर, या हातानं. पुरनं काय असते ते मले नका सांगू. माया पोरानं मले उभी केली. ड्रम मी मागतला. गोंगाट म्हनता ना तुमी? तो माया हाय."

 मास्तरांच्या बायकोनं चहा आणून ठेवला आणि तीही तिथंच उभी राहिली.

"नवी कॅसेट लावा अन् हा टेप खिडकीत ठेवा," मी म्हटलं. "तोंड माळाकडं करा. जितका मोठा होते तितका करा. अन् चाला मायासंग."

"कुठे?"

"चिंचेपासी."

भर दुपारी आम्ही तिघं माळावरून चाललो. शेजारची माणसं बघत होती. जवळ असताना नुसता दणदणाट होता, मास्तर म्हणत होते तसाच, शब्द एकमेकांवर चढलेले. अर्ध्या वाटेवर ड्रम मागं पडू लागला. चिंचेपाशी पोचलो आणि माझा आवाज वेगळा झाला. एकेक शब्द कोरडा ऐकू आला. ओळ संपली. मग ती रिकामी जागा आली, आणि त्या जागेत माळापलीकडच्या भिंतींवर आपटून ओळीचं शेवटचं अक्षर परत आलं. मी मास्तरांना सोमारीचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. ते ऐकत होते, मान खाली घालून.

"इथून शब्द कळतात," ते म्हणाले.

"गानं इथीच राहते, मास्तर. तुमी त्याले खोलीत कोंडलं."

"पण बाई, लोक कॅसेट खोलीतच ऐकतात. चिंचेखाली जाऊन कोण ऐकणार?"

"मंग खोल्या लहान हायत तुमच्या. त्याले आमी काय करू?"

ते हसले, पण मागं हटले नाहीत. "मी माझं मत बदलणार नाही. कॅसेट म्हणून ती कानाला टोचते. आणि चौथ्या गाण्यात तर इथूनही तुमचा आवाज लागत नाही. बघा."

चौथं गाणं लागलंच होतं. खरंच लागत नव्हता. हरिदासची गिटार माझ्यावर बसली होती, आणि मला हे रेकॉर्डिंगच्या दिवशीच कळलं होतं. मी तेव्हा बोलले नाही, कारण पोराचा चेहरा फार खुलला होता.

"मत तुमचं ठेवा," मी म्हटलं. "पन पुरनाऱ्याचं नाव काढा. ते खोटं हाय."

"तुम्ही पत्र लिहा. एक अक्षर न बदलता छापायला लावतो. पुढच्या महिन्यात येईल."

मेळावा त्याआधी होता.

निघताना मास्तरांनी विचारलं, "पण पहिल्या कॅसेटमध्ये तुम्ही इतकं छान गायलात, ते मग काय होतं?"  एस.टी. निघून जाईल म्हटलं. खरं उत्तर मला माहीत होतं, पण ते मी आजवर कुणालाच दिलं नव्हतं, कांतालाही नाही.

रविवारी हरिदास आला तसं सगळं सांगितलं. तो जेवत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू मले वाचवाले बोलून राह्यली."

"मी खोटं बोलतो का?"

"मायासाठी बोलशील. आजपर्यंत बोललीच. शाळेत मास्तरले सांगे, पोट्टा बिमार हाय, अन् मी नाल्यावर खेकडे धरो."

"ते येगळं."

"मले वाटते तेच हे."

"बरं, मंग हे आयक. चौथ्या गान्यात तू मले दाबलं. मास्तर बोलला ते एवढं खरं हाय. बाकीच्या सात गान्यात नाई. मले तुले वाचवाचंच असतं तं हे सांगतलं असतं का?"

त्याचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता सुटेल. पण तो म्हणाला, "एकात दाबलं म्हंजे दाबलंच ना." ताट सरकवून उठला. मी स्वतःच्या तोंडानं त्याच्या हातात दगड दिला होता.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी बैलगाडी जुंपली. हरिदास पुढं सायकलवर गेला, पेटी कॅरियरला बांधून. मी कांताला म्हटलं, गिटार गोधडीत गुंडाळ, आवाज वाढवायचं मशीनही घे, गाडीत धानाच्या तणसाखाली ठेव. लहानूला आदल्या रात्रीच निरोप धाडला होता, ड्रम घेऊन स्टेजच्या मागं येऊन बस, विचारू नको. लहानूनं विचारलं नाही. तो पहाटेच निघाला होता.

मैदानावर धानाचा एक दाणा ठेवायला जागा नव्हती. सुगी संपलेली, माणसं मोकळी. गाड्या राईसमिलच्या कुंपणापर्यंत लागलेल्या, चार भोंगे सागाच्या बल्ल्यांवर चढवलेले. तिसऱ्या रांगेत रामटेके मास्तर मांडी घालून बसले होते. भाषणं झाली. ऊन कलंडायला लागलं तेव्हा मंगरूभाऊ माईकवर आले.

"आता गिरजाबाई," ते म्हणाले. "आज कोनता गोंगाट नाई, कोनतं विलायती वाद्य नाई. फक्त आपल्या मातीतला तो निरागस आवाज."

टाळ्या पडल्या. हरिदासनं पेटीचा सूर धरला, पहिल्या कॅसेटमधल्या पहिल्या गाण्याचा. मी माईकजवळ गेले. गायले नाही. तो सूर धरून राहिला, मग भाता थांबला. मंगरूभाऊ खुर्चीवरून हातानं खुणा करू लागले.

"मी हे गानं म्हनत नाई," मी माईकमध्ये म्हटलं.

कुणीतरी समोरून म्हणालं, "काऊन जी, बाई? घसा बसला काय?"

"घसा चांगला हाय. तुया मायच्या लग्नात गायली होती, तिले इचार." हशा पिकला, आणि हशा ओसरेपर्यंत मला धीर धरायला वेळ मिळाला. कारण पुढचं बोलणं सोपं नव्हतं. माझं नाव या मुलखात ज्या कॅसेटमुळं झालं, तिच्याबद्दल बोलायचं होतं.

"ती पयली कॅसेट तुमच्या घराघरात हाय," मी म्हटलं. "तुमी म्हनता, गिरजाबाई किती गोड गायली. मी गोड गायली नाई. मी भ्यायली होती. काचेची खोली, पंखा नाई, समोर पॅन्टवाला माणूस, तो म्हने ओरडू नका. मायं आंग कापत होतं. मले वाटलं, जोरानं गायली तं हा म्हनेल कुठून आली ही बाई, हाकला हिले. तुमी ज्याले निरागस म्हनता, तो भ्यायलेला आवाज हाय. पाच वर्सं मी हे कोनाले सांगतलं नाई. मले लाज वाटे."

मैदानावर कुठंतरी एक लेकरू रडत होतं, तेवढंच. काही बायांच्या चेहऱ्यावर राग दिसला. त्यांनी त्या गाण्यांवर लेकरं निजवली होती. त्यांचा राग मला कळत होता, पण परत घेण्यासारखं मी काही बोलले नव्हते.

"नवी कॅसेट मी न भेता गायली. तो ड्रम मी मागतला, तो घुमारा मी मागतला. कोनाच्या कानाले टोचत असंन तं टोचो. चौथं गानं सोडून. त्याच्यात गिटार बम मोठी हाय, ते मी आज कमी कराले लावतो, मायाच्यानं राह्यवत नाई म्हनून, पेपरात आलं म्हनून नाई. अन् मी एकटी गात नाई. माया लेक वाजोन, तं मी गाईन. नाई तं मी इथी बसली."

आणि मी बसले. स्टेजच्या मधोमध, मांडी घालून.

मंगरूभाऊ उठून आले. "बाई, असं नका करू, पाहुणे आले हायत नागपूरहून."

"बसू द्या त्यायले. खुर्च्या देल्ल्या ना?"

हरिदास पेटीमागून माझ्याकडं सरकला. माईक लांब होता, त्याचं बोलणं मलाच ऐकू आलं. "खरं हाय, माय? तू भ्यायली होती?"

"इतक्या लोकाइत खोटं बोलाले मी काय इलेक्शनले उभी आहो?"

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुले बाप अन् माय दोन्ही मीच होती. भ्यायली म्हनून कसं सांगू?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मी नजर काढली नाही. या पोरासाठी मी बाकी काहीही खोटं बोलले असते, पण हे नाही, आणि हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यानं पेटीचा भाता बांधला. उठला. मग दोन्ही हात रिकामे घेऊन उभा राहिला. "पन गिटार तं घरी हाय," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात कुरकुर होती, हट्ट नव्हता.

कांतानं स्टेजच्या मागून गिटारीची गोधडी वर सरकवली, तणसाच्या काड्या लागलेली. लहानू ड्रम ओढत आलाच होता. मंगरूभाऊ काही म्हणायला गेले, तर पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "राहू द्या ना भाऊ, बाईले म्हनू द्या. आवडलं नाई तं आमी आमच्या तोंडानं सांगू."

मशीन जोडायला वेळ लागला. वायर आखूड पडली, लहानूनं ती दातानं सोलून दुसरी जोडली. हरिदासनं गिटार गळ्यात घातली, एक तार छेडली आणि चेहरा वाकडा केला. उन्हात आणि गाडीच्या धक्क्यानं सगळ्या तारा उतरल्या होत्या. चार भोंग्यांतून तो बेसूर मैदानभर गेला आणि राईसमिलच्या भिंतीवरून परत आला. लोक हसले. हरिदासचे कान लाल झाले, त्याचा हात खुंटीवरून घसरला. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

मी उठले, माईक हातात घेतला. "लाव," म्हटलं. "एकेक तार लाव. घाई नाई."

"आरामानं लाव गा, हरिदासभाऊ," मागून कुणीतरी ओरडलं. "आमी बैल सोडले."

मास्तरांनी वही काढली होती. मी तिकडं एकदाच बघितलं. लिहायचं ते लिहू दे.

हरिदास मान वाकवून तारा लावत होता. पाच लागल्या. सहावी लागत नव्हती. मैदान थांबलं होतं, मीही थांबले.